कोरमंगल्याचे पाणी, कोरमंगल्याचा पैसा आणि कोलारचा लहान शेतकरी

बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगल्याहून पूर्वेकडे, कोलार जिल्ह्याच्या दिशेने, आज दोन प्रवाह वाहत आहेत. पहिला सांडपाण्याचा आहे. कोरमंगला–चल्लघट्ट खोऱ्यात जमा होणाऱ्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून दररोज ४४ कोटी लिटर पाणी कोलारच्या कोरड्या पडलेल्या तलावांपर्यंत नेण्याची योजना कर्नाटक सरकारने आखली आणि तिचे पहिले पाणी जून २०१८मध्ये तेथे पोहोचले. दुसरा प्रवाह पैशाचा आहे. माहिती तंत्रज्ञानातील पगार, नवउद्योगांतील समभागांची विक्री आणि शहरातील घरजमिनीच्या व्यवहारांतून साठलेली शिल्लक यांचा काही भाग होसकोटे, मालूर, चिक्कबळ्ळापूर, अनेकल या परिसरातील शेतजमिनीत गुंतवला जातो, आणि त्यातून पाच, दहा, वीस एकरांची, कधी त्याहूनही मोठी, शहरी मालकीची शेते उभी राहतात. हे दोन्ही प्रवाह अखेर एक-दोन एकरांच्या मालकाच्या बांधापाशी येऊन मिळतात. त्या बांधापलीकडे मध्यम आकाराचे शेत उभे राहिले की अलीकडच्या लहान शेतकऱ्याचे उत्पन्न, त्याची मजुरी, त्याचे पाणी आणि त्याचा बाजाराशी असलेला संबंध यांत काय बदलते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कोरमंगला स्वतः एकेकाळी तलाव आणि शेते असलेले खेडे होते, हे येथे ध्यानात ठेवणे उचित ठरेल. त्याच्या भूतपूर्व तलावाच्या जमिनीवर १९९७च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले, २००७मध्ये तेथील एका घरातून फ्लिपकार्टचा व्यवसाय सुरू झाला, आणि पुढच्या काळात ही वस्ती देशातील नवउद्योगांचे एक मुख्य ठाणे बनली. ज्या प्रक्रियेने कोरमंगल्याची शेती संपली तीच प्रक्रिया आता वेगळ्या रूपात चाळीस-पन्नास किलोमीटर पुढे सरकली आहे. फरक इतकाच की तेथे जमीन अद्याप शेतजमीन म्हणूनच विकली जाते.

‘मध्यम शेती’ या संज्ञेचा अर्थ प्रदेशागणिक बदलतो. भारताच्या कृषिगणनेत एक हेक्टरपेक्षा कमी धारणा सीमान्त, एक ते दोन हेक्टर लहान, दोन ते चार हेक्टर निममध्यम, चार ते दहा हेक्टर मध्यम आणि त्यापुढची मोठी मानली जाते. येथे धारणा म्हणजे एका कुटुंबाने प्रत्यक्ष कसलेली जमीन. २०१५–१६च्या गणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के धारणा सीमान्त वा लहान आहेत, परंतु त्यांच्याकडे कसलेल्या क्षेत्राचा जेमतेम ४७ टक्के वाटा आहे. उलट मध्यम वर्गात चार टक्क्यांहूनही कमी धारणा असून सुमारे एक पंचमांश क्षेत्र त्यांच्याखाली आहे. सरासरी धारणा १९७०–७१मध्ये २.२८ हेक्टर होती, ती १.०८ हेक्टरवर आली आहे. महाराष्ट्रात ही सरासरी १.३४ आणि कर्नाटकात १.३६ हेक्टर आहे. या आकड्यांवरून पाहिले तर भारतात मध्यम शेते वाढत नसून विभागणीने घटत आहेत, असाच निष्कर्ष निघतो, आणि देशाच्या पातळीवर तो बरोबरही आहे. महानगरांभोवतीच्या पट्ट्यात मात्र विभागणीबरोबरच एकत्रीकरणही चालते. ज्या वर्षी एका घरातील तीन भावांमध्ये तीन एकर वाटले जातात, त्याच वर्षी शेजारच्या चार घरांचे तुकडे एकाच खरेदीदाराच्या नावे होऊ शकतात, आणि सरासरीच्या आकड्यात ही दुसरी घटना पहिलीखाली दडून राहते.

आफ्रिकेत ही घटना उघडपणे मोजली गेली. अर्थशास्त्रज्ञ थॉमस जेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात घाना, केनिया, झांबिया, टांझानिया या देशांचा अभ्यास करून दाखवले की ५ ते १०० हेक्टरांच्या शेतांखालील जमीन वेगाने वाढत आहे, आणि त्यांच्या मालकांतील मोठा वाटा लहान शेतीतून वर आलेल्या शेतकऱ्यांचा नसून नोकरी वा व्यापारात पैसा मिळवून नंतर जमीन घेणाऱ्या शहरी लोकांचा आहे. बंगळूरच्याच करुतुरी ग्लोबल या कंपनीने इथिओपियातील गांबेला प्रांतात खंडाने घेतलेल्या एक लाख हेक्टरांसारख्या अवाढव्य प्रकल्पांवर जगाचे लक्ष खिळले असताना (तो प्रकल्प पुढे फसला) त्याहून कितीतरी अधिक जमीन अशा मधल्या खरेदीदारांच्या हाती शांतपणे जात होती. त्याचे लहान शेतकऱ्यांवरील परिणाम एकरंगी निघाले नाहीत. टांझानियात ज्या जिल्ह्यांत ५ ते १० हेक्टरांच्या शेतांचा वाटा अधिक होता तेथे ग्रामीण कुटुंबांचे शेतीचे, मजुरीचे आणि बिगरशेती असे तिन्ही प्रकारचे उत्पन्न अधिक आढळले, पण शेते त्याहून मोठी होत गेली तसा हा संबंध क्षीण होत गेला. झांबियात जेथे मध्यम शेते दाटली तेथे मोठे धान्यव्यापारी खरेदीसाठी येऊ लागले आणि त्यांच्या वाहनांत लहान शेतकऱ्यांच्या गोण्याही चढू लागल्या. याचे कारण साधे आहे. दहा टनांचा ट्रक दोन क्विंटल मालासाठी कोणी खेड्यात पाठवत नाही, मात्र एका शेतावर सात टन मिळणार असतील तर उरलेले तीन टन आसपासच्या वीस घरांतून भरून घेणे व्यापाऱ्याला परवडते.

हा लाभ कोलारात आपोआप मिळेल असे मानता येत नाही, आणि त्याचे पहिले कारण जमिनीच्या कायद्यात आहे. महाराष्ट्रातील वाचकाला कूळकायदा परिचित आहे. १९४८च्या त्या कायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि म्हणून सातबाऱ्यावर नाव किंवा शेतकरी असल्याचा दाखला यांना एवढे मोल आहे. कर्नाटकाच्या १९६१च्या भूसुधारणा कायद्यातही अशी भिंत होती, आणि ती महाराष्ट्रातल्यापेक्षा अधिक जाड होती. देवराज अर्स यांच्या सरकारने १९७४मध्ये केलेल्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक बनवले, जमीन खंडाने देण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, आणि कलम ७९अ व ७९ब यांद्वारे ठराविक मर्यादेपेक्षा अधिक बिगरशेती उत्पन्न असलेल्यांना तसेच शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली. ही उत्पन्नमर्यादा प्रारंभी वर्षाला १२ हजार रुपये होती, ती वाढत वाढत २०१५मध्ये २५ लाखांवर गेली, म्हणजे भिंत उभी असली तरी तिची उंची फारशी उरली नव्हती. जुलै २०२०मध्ये वटहुकमाने आणि त्यानंतर त्या वर्षअखेरीस विधिमंडळाच्या संमतीने ही दोन्ही कलमे रद्द झाली, तीही १ मार्च १९७४पासून रद्द समजून. त्यामुळे पूर्वीच्या नियमबाह्य खरेद्यांवरील टांगती तलवारही दूर झाली. कमाल जमीनधारणेची मर्यादा मात्र कायम आहे. ती कोरडवाहू जमिनीसाठी दहा युनिटांना, म्हणजे साधारण ५४ एकरांना येते, आणि महाराष्ट्राच्या कायद्यातही कोरडवाहूसाठी हाच ५४ एकरांचा आकडा आहे. कायदेशीर शहरी शेतमालकासाठी आज मोकळे असलेले मैदान या मर्यादेएवढे आहे.

जमिनीचा भाव अशा पट्ट्यात पिकावरून ठरत नाही. भविष्यात शहर येथवर येईल का, विमानतळ वा महामार्ग किती दूर आहे, यावर तो ठरतो. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीत (होबळी म्हणजे कर्नाटकातील महसुली मंडळ) औद्योगिक प्रकल्पासाठी १,७७७ एकर जमीन संपादित करण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले आणि जुलै २०२५मध्ये सरकारला ते संपादन सोडून द्यावे लागले, या घटनेवरून त्या जमिनीचे मोल कसणाऱ्यांना काय वाटते हे कळते. परंतु संपादनाला सामूहिक विरोध करता येतो, स्वेच्छेच्या विक्रीला येत नाही. आजारपण, लग्न, मुलांचे शिक्षण किंवा कोरडी गेलेली बोअरवेल यांपैकी एखाद्या निमित्ताने जमीन विकली जाते, आणि एकदा भाव पिकाच्या मिळकतीच्या कितीतरी पट झाला की लहान शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नातून शेजारचा अर्धा एकर विकत घेणे पिढीभरात शक्य होत नाही. वर जाण्याची शिडी अशी अर्ध्यावर कापली जाते. आफ्रिकेतील अनुभवातही हाच धोका दिसतो.

मालकी कोणाची यापेक्षाही निर्णायक प्रश्न त्या शेतात काय लावले जाते हा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१९मध्ये केलेल्या पाहणीत भारतातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरले. त्यांत मजुरी व पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८ आणि जनावरांपासून मिळणारे १,५८२ रुपये होते. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्या कुटुंबाची सर्वांत मोठी कमाई मजुरी-पगारातून येते, एवढे ध्यानात घेतले की मध्यम शेताकडे पाहण्याची दृष्टी बदलते. टोमॅटोचे शेत रोपलावणी, काठ्या उभारणे, सुतळीने बांधणी आणि दर काही दिवसांनी तोडणी एवढी कामे मागते, आणि त्यांतील बरीचशी कामे गावातील स्त्रियांना मिळतात. त्याच जमिनीवर चंदन, महोगनी वा सागवान लावून कुंपण घातले तर पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर एका राखणदारापलीकडे कोणाची गरज उरत नाही. शहरातील नोकरदाराला, ज्याला महिन्यातून एकदाच शेतावर जाता येते, दुसरा मार्ग सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. मोठा भूखंड घेऊन त्याचे पाव किंवा अर्ध्या एकराचे तुकडे शहरी ग्राहकांना विकणाऱ्या आणि त्यावरील झाडांची निगा स्वतःकडे ठेवणाऱ्या कंपन्यांचा व्यवसायही याच सोयीवर उभा आहे. कागदावर तेथे शेकडो अल्पभूधारक निर्माण होतात, प्रत्यक्षात ते एकाच व्यवस्थापनाखालील मोठे, अल्पमजुरीचे शेत असते.

कोलारला हे नवे नाही. १९७०च्या दशकाअखेरीपासून सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली तेथील नाचणीच्या शेतांत निलगिरी लावली गेली, आणि त्यात बाहेर राहणाऱ्या व मोठ्या जमीनमालकांचा पुढाकार होता, कारण निलगिरीला मजूर लागत नाहीत आणि जनावरे तिला तोंड लावत नाहीत. १९८१मध्ये जयंत बंदोपाध्याय, वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्याच्या अभ्यासातून नाचणीचे घटते क्षेत्र आणि बुडालेला रोजगार यांकडे लक्ष वेधले, तर १९८३मध्ये शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात रयत संघ या शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकांतील निलगिरीची रोपे उपटून टाकली. नव्या निलगिरी लागवडीवर सरकारी बंदी यायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. झाडाची जात बदलली तरी गैरहजर मालकाचा हिशोब बदलत नाही, हा त्या चाळीस वर्षांचा धडा आहे, आणि चंदनाच्या आजच्या जाहिराती वाचताना त्याचा विसर पडू नये.

नाचणीचा प्रश्न येथे धान्यापुरता नाही. नाचणीचे काड हा या कोरडवाहू पट्ट्यातील गाईंचा मुख्य सुका चारा आहे, आणि गाय हाच लहान शेतकऱ्याचा सर्वांत भरवशाचा व्यापार आहे. या व्यापाराचा धागाही कोरमंगल्यापाशी पोहोचतो: त्याला लागूनच, अडुगोडी येथे, १९२३मध्ये पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची शाही संस्था स्थापन झाली. १९२७मध्ये महात्मा गांधी तेथे गोपालनाचे शिक्षण घेण्यासाठी गेले होते, आणि आज ती राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. जवळच्या डेअरी सर्कलभोवती राज्याच्या सहकारी दुग्धव्यवसायाचा कारभार चालतो. १९७४च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या योजनेतून कर्नाटक दूध महासंघ घडला, ‘नंदिनी’ हे त्याचे नाव घरोघर पोहोचले, आणि आज २५ लाखांच्या आसपास उत्पादक गावोगावच्या दूधसंस्थांचे सभासद आहेत. शेतीचे ‘व्यापारीकरण’ मोजण्याची रूढ पद्धत एकूण उत्पादनापैकी किती भाग विकला गेला हे पाहते. त्या मापाने एक एकर आणि दोन गाईंचे कुटुंब या पट्ट्यात कोणत्याही मध्यम शेताच्या मदतीवाचून बाजाराशी जोडले गेले होते. संकलनकेंद्र, शीतकरण, स्निग्धांशावरून भाव आणि ठरल्या दिवशी पैसे, एवढ्या व्यवस्थेने ते साधले. म्हणून मध्यम शेत जेव्हा नाचणी, पडीक रान आणि चराई यांच्या जागी येते, तेव्हा ते लहान शेतकऱ्याला व्यापारात आणत नाही, आधीच्या व्यापारातून बाहेर काढते. सरकारी अहवालांत या हानीची नोंद सहसा सापडत नाही.

पाण्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. कोलारला बारमाही नदी नाही. पूर्वजांनी बांधलेल्या दोन हजारांहून अधिक तलावांवर हा जिल्हा जगला.  तलाव गाळाने भरले, त्यांची जागा बोअरवेलने घेतली, आणि खोली हजार-बाराशे फुटांच्या पुढे गेली. अशा जिल्ह्यात कोरमंगला खोऱ्याचे पाणी आले तेव्हा तलावांलगतच्या विहिरी व बोअरवेल पुन्हा जिवंत झाल्या. पाण्यावर दुसऱ्या टप्प्यापर्यंतच प्रक्रिया होत असल्याने त्याच्या शुद्धतेविषयी आक्षेप घेतले गेले, वाद उच्च व सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि तिसऱ्या टप्प्याच्या प्रक्रियेची मागणी आजही रास्त आहे. येथे अधिक महत्त्वाचे आहे ते वाटपाचे तंत्र. तलावातून थेट उपसा करण्यास मनाई असून पाणी जमिनीत मुरावे, हा योजनेचा हेतू आहे. परंतु मुरलेले पाणी कोणाच्या नावाचे नसते. ज्याची बोअर अधिक खोल आणि मोटार अधिक ताकदीची, त्याच्याकडे ते आधी जाते, आणि एक बोअर कोरडी गेली तर दुसरी घेण्याची ऐपत दोन एकरांच्या मालकापाशी क्वचितच असते. सार्वजनिक पैशाने आणलेल्या पाण्याचा मोठा वाटा अशा रीतीने खाजगी भांडवलाच्या प्रमाणात वाटला जाण्याचा धोका राहतो. तलावालगतच्या बोअरवेलची संख्या व खोली यांवर ग्रामपातळीवर मर्यादा घातल्याखेरीज तो टळणार नाही.

बाजाराच्या बाबतीत मध्यम शेतकऱ्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. कोलारची टोमॅटो बाजारपेठ आशियातील मोठ्या बाजारपेठांत गणली जाते, आणि ठिबक, आच्छादनाचा कागद, संकरित रोपे यांचा प्रसार तेथे अशाच धडाडीच्या शेतकऱ्यांनी केला. पहिला प्रयोग फसला तर सोसण्याची ताकद त्यांच्यात होती. ट्रॅक्टर, फवारणीयंत्र आणि रोपवाटिका त्यांच्यामुळे गावात आली आणि भाड्याने इतरांना मिळाली. तथापि नफा आणि जोखीम यांचे वाटप सारखे नाही. जुलै २०२३मध्ये पंधरा किलोच्या पेटीला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला, हे देशभर गाजले, पण मंदीत तोच माल रस्त्यावर टाकावा लागतो, आणि उसनवारीवर लागवड केलेल्याला असा एक हंगामही जमीन विकायला लावू शकतो.

लहान शेती एकरी अधिक पिकवते की कमी, हा वाद भारतीय अर्थशास्त्रात जुना आहे. १९५०च्या दशकातील शेतीव्यवस्थापन पाहण्यांवरून अमर्त्य सेन यांनी १९६२मध्ये दाखवले की धारणेचा आकार वाढतो तसे एकरी उत्पन्न घटते, कारण घरची माणसे आपल्या तुकड्यावर मजुरीचा हिशोब न करता राबतात. अलीकडे अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेच्या ग्रामअभ्यासातील माहितीवरून असे मांडले की अगदी लहान शेते सरस, मधली मागे आणि यंत्र परवडेल एवढी मोठी शेते पुन्हा सरस ठरतात. हा ग्रामअभ्यास १९७५मध्ये ज्या गावांतून सुरू झाला त्यांत सोलापूरची शिरापूर व कळमण आणि अकोल्याची कान्झरा व किनखेडा ही गावे होती. यंत्र ज्याचे त्याने विकत घ्यायचे असेल तर हा निष्कर्ष लहान शेतीच्या विरुद्ध जातो. यंत्र, शीतगृह आणि निर्यातीचे प्रमाणपत्र सामाईक करता येत असेल तर जात नाही. महाराष्ट्रातील द्राक्षउत्पादकांनी १९९१मध्ये स्थापन केलेली महाग्रेप्स आणि त्यानंतर विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी यांनी लहान बागाईतदारालाही युरोपच्या बाजारात नेले, ते जमीन एकत्र करून नव्हे, तर माल एकत्र करून.

मध्यम शेत आणि लहान शेतकरी यांचे हित जुळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग खंडाचा आहे. शहरातील मालकाला जमीन पडीक ठेवायची वा झाडांनी झाकायची नसेल, तर शेजारच्या कसणाऱ्यास ती पाच वर्षांच्या लेखी कराराने देता आली पाहिजे, आणि त्या करारावर कसणाऱ्याला पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मिळाली पाहिजे. २०१६मध्ये निती आयोगाने टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून तयार करून घेतलेल्या आदर्श खंडकरार कायद्याचा गाभा हाच आहे. कुळाच्या संरक्षणासाठी १९७४मध्ये आवश्यक असलेली खंडबंदी आज उलट्या बाजूने काम करते, कारण कूळ म्हणून नाव लागेल या भीतीने मालक जमीन द्यायला धजत नाही, आणि दिलीच तर तोंडी देतो. कर्नाटकाच्या विधिमंडळाने २०२०मध्ये जमीन विकत घेणाऱ्यावरील बंधने काढली, पण खंडबंदीच्या कलमाला हात लावला नाही. परिणामी कोरमंगल्यातील नोकरदाराला मालूर तालुक्यात चाळीस एकर कोरडवाहू जमीन आज कायद्याने विकत घेता येते, पण तिच्यातील दोन एकर शेजारच्या शेतकऱ्याला लेखी कराराने कसायला देता येत नाहीत.